मंगळावर माणूस पाठवायचा, तर गाठ नेमकी कुठे आहे?

गगनवेध

नमस्कार. मंगळावर माणूस पाठवण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते: खर्च किती येणार आणि तिथे जाऊन करायचे काय. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण या धाग्यात ते बाजूला ठेवू या आणि फक्त तंत्राविषयी बोलू या. हवा तेवढा पैसा आणि हवी तेवढी इच्छाशक्ती मिळाली, तरी कोणती एक अडचण शेवटपर्यंत हटून बसेल?

माझे मत आधी मांडतो. ती अडचण उतरण्याची आहे. मंगळाच्या पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण ६ मिलिबार असतो, म्हणजे आपल्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक शतांशाहूनही कमी. एवढी हवा यानाला तापवून जाळायला पुरते, थांबवायला मात्र पुरत नाही. २०१२ मध्ये ८९९ किलोचे 'क्युरिऑसिटी' आणि २०२१ मध्ये १,०२५ किलोचे 'पर्सिव्हिअरन्स' ही नासाची फिरती वाहने (रोव्हर) उतरली, ती ४.५ मीटर व्यासाचे उष्णतारोधक कवच, त्यानंतर पॅराशूट आणि अखेरीस वाहनाला दोरांनी खाली सोडणारी रॉकेटची चौकट, अशा तीन टप्प्यांनी. माणसांसाठीच्या यानाला किमान २० टन सामान घेऊन उतरावे लागेल, असे बहुतेक आराखडे सांगतात. वस्तू मोठी होत जाते तसे तिचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते आणि हवेला अडणारे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे जड यान पुरेसे मंदावण्याआधीच जमीन समोर येते. आजची पद्धत वीसपट मोठी करून चालणार नाही, पद्धतच वेगळी लागेल.

तुम्हाला काय वाटते? विशेषतः ज्यांचा या एखाद्या अंगाशी कामानिमित्त संबंध येतो, त्यांनी जरूर लिहावे.

दर्यावर्दी

धागा उत्तम काढलात. मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य घालवले आहे, त्यामुळे माझे लक्ष उतरण्याच्या काही मिनिटांपेक्षा त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांकडे जाते. सगळ्यांत कमी इंधनाच्या वाटेने जाण्यास साधारण साडेआठ महिने लागतात. तिथे पोहोचल्यावर परतीसाठी दोन्ही ग्रह पुन्हा योग्य जागी येईपर्यंत दीड वर्षाच्या आसपास थांबायचे आणि मग तितकाच प्रवास उलट करायचा. एकूण अडीच वर्षांहून जास्त काळ यंत्रे चालत राहिली पाहिजेत, आणि वाटेत बंदर नाही.

भर समुद्रात आमच्या जनरेटरचा कूलिंग पंप एकदा बसला तेव्हा सुटे भाग होते, लेथ होते, आणि काहीच जमले नसते तरी आठवड्याभरात टग येऊन आम्हाला ओढून नेऊ शकला असता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचेही तसेच आहे. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये त्याच्या अमोनिया शीतकरणाचा पंप बिघडला, अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो बदलला, कारण सुटा पंप स्थानकावर होता आणि मालवाहू याने येत-जात होती. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठवड्याभराच्या चाचणीसाठी गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानाने परतल्या. ते दुसरे यान उपलब्ध होते, हे महत्त्वाचे. मंगळाच्या वाटेवर दुसरे यान नसते. १९७० मध्ये अपोलो १३ चंद्राला वळसा घालून काही दिवसांत घरी आले. मंगळाकडे निघालेल्या यानाला एकदा पृथ्वीची कक्षा सोडल्यावर 'चला, परत फिरू' म्हणण्याइतके इंधनच नसते.

म्हणून माझे उत्तर: दुरुस्तीविना, किंवा यानातल्या चार माणसांना करता येईल एवढ्याच दुरुस्तीवर, तीन वर्षे टिकणारी यंत्रे.

रोहिणी_नक्षत्र

गगनवेध, एक प्राथमिक प्रश्न विचारते. चंद्रावर हवा नाही, तरी अपोलोची याने नुसत्या इंजिनांवर उतरली. मंगळावरही कवच आणि पॅराशूट सोडून थेट इंजिनांनीच का उतरू नये?

प्रज्वलन

रोहिणीताई, प्रश्न प्राथमिक नाही, यावर तज्ज्ञांनी अनेक वर्षे घालवली आहेत. मी रॉकेट इंजिनांच्या चाचणीशी संबंधित काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंगळाच्या वातावरणात शिरताना यानाचा वेग सेकंदाला साडेपाच ते सहा किलोमीटर असतो. तो सगळा इंजिनाने मारायचा म्हटले, तर उतरणाऱ्या यानाच्या वजनाच्या कित्येक पट इंधन मंगळापर्यंत वाहून न्यावे लागेल, आणि ते तिथवर नेण्यासाठी पृथ्वीवरून त्याच्याही कित्येक पट. चंद्रावर कक्षेतून उतरताना हाच वेग सेकंदाला दोन किलोमीटरहून कमी असतो, म्हणून तिथे ते परवडले. मंगळावर वेगाचा मोठा वाटा हवेच्या घर्षणानेच घालवला पाहिजे, आणि उरलेला इंजिनांनी. अडचण अशी की इंजिने पेटवायची तेव्हा यान अजून ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जात असते आणि ज्वाळेचा झोत समोरून येणाऱ्या हवेवर आदळतो. हा संघर्ष स्थिर राहतो की यानाला डोलवतो, याची बरीच वर्षे कोणालाच खात्री नव्हती.

याचे उत्तर काही प्रमाणात अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. 'फाल्कन ९' रॉकेटचा पहिला टप्पा परत येताना उंच, विरळ हवेत वेग कमी करण्यासाठी इंजिने पेटवतो, आणि त्या उंचीवरची हवा मंगळावरच्या हवेसारखीच विरळ असते. २०१४ मध्ये नासाने अशा परतीचे अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रण करून त्याचा अभ्यास केला. म्हणजे भौतिकशास्त्र आड येत नाही, हे आता माहीत आहे. तरीही तो टप्पा म्हणजे सडपातळ नळकांडे असते आणि तो ग्रहांतराच्या वेगाने येत नाही, हे विसरू नये.

दुसरा मार्ग फुगवता येणाऱ्या कवचाचा. रॉकेटच्या टोपणात मावेल तेवढेच कडक कवच नेता येते, पण घडी घालून नेलेले कवच अवकाशात फुगवले तर ते बरेच मोठे होऊ शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ६ मीटर व्यासाचे असे कवच पृथ्वीच्या वातावरणात यशस्वीपणे उतरवले गेले. याउलट, २०१४ आणि २०१५ मध्ये हवाई बेटांजवळ मंगळासाठीच्या अतिमोठ्या पॅराशूटच्या दोन चाचण्या झाल्या आणि दोन्ही वेळा पॅराशूट फाटले. मोठ्या वजनासाठी पॅराशूटचा मार्ग जवळपास संपला, असे मी त्यावरून समजतो.

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९५० च्या दशकाच्या आरंभी रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राऊन यांनी मंगळमोहिमेचा जो सविस्तर आराखडा मांडला, त्यात ७० माणसे आणि १० याने होती आणि उतरण्यासाठी पंख असलेली तरंगती विमाने होती. तेव्हाच्या माहितीनुसार मंगळावर तशी विमाने तोलून धरण्याइतकी हवा होती. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' मंगळाजवळून गेले आणि दाब त्या अंदाजाच्या तुलनेत कितीतरी कमी निघाला. एका मोजणीने उतरण्याची पद्धत मुळापासून बदलावी लागली. म्हणून गगनवेध यांच्याशी मी बराचसा सहमत आहे.

रोहिणी_नक्षत्र

फार छान उलगडून सांगितलेत, प्रज्वलन. धन्यवाद.

किरणमापक

मी कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे. किरणोत्साराचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले.

'क्युरिऑसिटी'वरील उपकरणाने मंगळाच्या प्रवासात यानाच्या आत दररोज साधारण १.८ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणांच्या माऱ्याचे एकक) मात्रा मोजली. जाण्या-येण्याला प्रत्येकी सहाच महिने धरले, तरी नुसत्या प्रवासाची बेरीज ६६० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. मंगळाच्या जमिनीवर ग्रह स्वतः खालची बाजू झाकतो, त्यामुळे तिथे ती दिवसाला सुमारे ०.७ पर्यंत उतरते, पण दीड वर्षाच्या मुक्कामाची भर पडतेच. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी ठरवलेली संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे आजच्या यानांनी एकच मोहीम ती मर्यादा ओलांडते.

यात दोन वेगवेगळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. सूर्यावरील उद्रेकातून येणारे प्रोटॉन अचानक येतात, मोठ्या संख्येने येतात, पण त्यांची ऊर्जा तुलनेने कमी असते. यानात पाणी आणि अन्नसाठा रचून केलेल्या आडोशात काही तास-दिवस बसले तर त्यांच्यापासून बचाव होतो. ऑगस्ट १९७२ चा प्रचंड सौर उद्रेक अपोलो १६ आणि अपोलो १७ यांच्या मधल्या काळात झाला, हा निव्वळ योगायोग होता. दुसरा धोका आकाशगंगेतून सतत येणाऱ्या वैश्विक किरणांचा. त्यांतील लोहासारखी जड केंद्रके इतक्या ऊर्जेने येतात की पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीवर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव निर्माण करतात. हायड्रोजनने समृद्ध पदार्थ, म्हणजे पाणी किंवा पॉलिथिलिन, अधिक चांगले रोखतात, पण हे किरण पुरेसे रोखायला त्यांचे कित्येक मीटर जाड थर लागतील. पृथ्वीवर आपल्या डोक्यावरची हवा हे काम करते, आणि तिचे वजन प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन आहे. तेवढे वजन यानाभोवती गुंडाळून नेता येत नाही.

सडेतोड

किरणमापक, आकडे मान्य आहेत, पण निष्कर्ष मान्य नाही. ६०० ची मर्यादा म्हणजे पुढील आयुष्यात कर्करोगाने मृत्यू होण्याची शक्यता काही टक्क्यांनी वाढणे. ही शक्यता समजून-उमजून स्वीकारणारे अंतराळवीर शेकड्यांनी मिळतील, आणि रॉकेटच्या उड्डाणातच त्याहून मोठा धोका ते आज पत्करतात. हा नीतीचा प्रश्न झाला. यान उतरलेच नाही, तर नीतीचा प्रश्न उरतच नाही. म्हणून तंत्राच्या यादीत मी किरणोत्सार खाली ठेवीन.

किरणमापक

सडेतोड, कर्करोगापुरते बोलायचे तर तुमचा मुद्दा रास्त आहे. पण जड केंद्रकांच्या माऱ्याने प्राण्यांवरील प्रयोगांत स्मरणशक्ती आणि निर्णयक्षमता यांवर परिणाम दिसला आहे. माणसांत तसे किती होईल याचे थेट मोजमाप नाही, कारण चंद्राच्या काही दिवसांच्या सफरी सोडल्या तर पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाबाहेर माणूस राहिलेलाच नाही. स्थानक त्या आवरणाच्या आत फिरते. २० टनांचे यान इंजिनांवर उतरवताना चालकाची निर्णयक्षमता जराही खालावलेली चालणार नाही. त्यामुळे तुमची अडचण आणि माझी अडचण वेगळी राहत नाही.

अस्थिबंध

याच मुद्द्याला धरून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांबरोबर काम करते. भाररहित अवस्थेत व्यायाम केला नाही तर कंबर आणि मांडीच्या हाडांचे वस्तुमान महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. स्थानकावर रोज सुमारे दोन तासांचा व्यायाम करून ही घट बरीच रोखता येते, पण त्यासाठीची यंत्रे अवजड आहेत आणि मंगळाचे यान त्या मानाने लहान असेल. शिवाय शरीरातील द्रव वर डोक्याकडे सरकतात, काहींच्या डोळ्यांच्या मागच्या भागावर दाब येतो आणि दृष्टी बदलते. एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गाठ सापडली होती. उपचार पृथ्वीवरील डॉक्टरांच्या सल्ल्याने झाले आणि पुढची औषधे मालवाहू यानाने पाठवली गेली. दर्यावर्दी यांचा 'बंदर नाही' हा मुद्दा इथेही लागू होतो.

रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिलेले व्हॅलेरी पोल्याकोव मार्च १९९५ मध्ये परतल्यावर स्वतः चालून दाखवू शकले, कारण मंगळावर उतरल्यावर माणूस काम करू शकेल का, हेच त्यांना दाखवायचे होते. ते आशादायक आहे. पण साधारणपणे स्थानकावरून सहा महिन्यांनी परतणाऱ्यांना यानातून बाहेर काढायला माणसे हजर असतात, आणि पहिले काही दिवस तोल जाणे, चक्कर येणे हे चालूच असते. मंगळावर दार उघडल्यावर बाहेर कोणी नसेल, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनाच सर्व करावे लागेल.

प्रज्वलन

अस्थिबंध, यावर यान फिरवून कृत्रिम गुरुत्व निर्माण करण्याचा उपाय फार जुना आहे. हिशेब सोपा आहे: मिनिटाला दोन फेऱ्या घेत पृथ्वीइतके गुरुत्व हवे असेल तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते, आणि मंगळाइतके, म्हणजे ३८ टक्के, हवे असेल तर ८५ मीटर. फेऱ्या वाढवल्या तर त्रिज्या घटते, पण माणसांना मळमळू लागते. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी ११ आणि एजेना ही याने दोराने बांधून फिरवली होती आणि अतिशय सूक्ष्म गुरुत्व मिळाले होते. त्यानंतर या दिशेने माणसांसह प्रत्यक्ष अवकाशात फारसे काही झाले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अन्नपूर्णा

अन्नप्रक्रिया क्षेत्रात काम करते, म्हणून ताटातला मुद्दा मांडते. वेष्टनासह एका माणसाला दिवसाला साधारण १.८ किलो अन्न लागते. चार माणसे आणि ९०० दिवस धरले तर साडेसहा टन होतात. पाण्याच्या बाबतीत स्थानकाने मोठी मजल मारली आहे. घाम, श्वासातील बाष्प आणि लघवी यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा २०२३ मध्ये गाठला गेला. श्वासातील कार्बन डायऑक्साइडमधून मात्र जवळपास निम्माच ऑक्सिजन परत मिळतो, कारण त्यासाठी लागणारा हायड्रोजन मिथेनच्या रूपाने बाहेर जातो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड तसाच सोडून द्यावा लागतो. अन्न तर परत मिळतच नाही.

खरी अडचण वजनापेक्षा टिकाऊपणाची आहे. मालवाहू यान माणसांच्या आधी पाठवले तर त्यातले अन्न खाईपर्यंत पाच वर्षे होऊ शकतात, आणि एवढ्या काळात क जीवनसत्त्व आणि ब१ जीवनसत्त्व बरेच कमी होते. पोट भरेल, पण पोषण होईलच असे नाही. म्हणूनच ताजे काहीतरी उगवता यावे यासाठी प्रयोग चालू आहेत. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा मेथी आणि मूग यांना मोड आणण्याचा प्रयोग भारताकडून झाला. मंगळाची माती मात्र थेट वापरता येणार नाही, कारण २००८ मध्ये 'फीनिक्स' यानाने तिच्यात परक्लोरेट क्षार शोधले आणि ते थायरॉइडला अपायकारक असतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने १९८४ मध्ये राकेश शर्मांसाठी पदार्थ केले होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या भारतीय पदार्थांचा अनुभव आपल्याकडे आहे, तो इथे कामी यावा असे फार वाटते.

कोल्हापुरी_गवती

अन्नपूर्णाताई, अंतराळात नाक चोंदल्यासारखे होऊन चव कमी लागते आणि अंतराळवीर तिखट सॉस मागतात, असे वाचले आहे. मग पहिल्या मंगळयानात लाल ठेच्याची बरणी आमच्याकडून. 🙂

अन्नपूर्णा

तेच कारण आहे, द्रव डोक्याकडे सरकतात म्हणून. आणि रुची टिकली नाही तर माणसे कमी खातात आणि वजन घटते, त्यामुळे ठेच्याची सूचना मी गंभीरपणे घेते.

क्षारसंयुग

मी रासायनिक कारखान्यात प्रक्रिया अभियंता आहे, त्यामुळे परतीच्या इंधनाकडे वळतो. मंगळावरून आजवर एकही यान उडालेले नाही. चार माणसांना पृष्ठभागावरून कक्षेत न्यायला सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल असा नासाचा अंदाज आहे. तो ऑक्सिजन पृथ्वीवरून नेण्यापेक्षा तिथल्या हवेतून काढावा, कारण मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. 'पर्सिव्हिअरन्स'वरच्या मॉक्सी या उपकरणाने ते करून दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या वेळी ५.४ ग्रॅम, आणि २०२३ मध्ये काम थांबेपर्यंत १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. सर्वाधिक वेग तासाला १२ ग्रॅम होता.

आता कारखान्याच्या नजरेने पाहू. २५ टन ऑक्सिजन १४ महिन्यांत करायचा तर तासाला अडीच किलो, म्हणजे मॉक्सीच्या दोनशेपट वेग. ती भट्टी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला चालते. त्यासाठी तासाला शेकडो घनमीटर विरळ, धुळीने भरलेली हवा गाळून दाबावी लागेल, मिळालेला ऑक्सिजन उणे १८३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात साठवावा लागेल, आणि हे सर्व माणूस तिथे पोहोचण्याआधी पूर्ण झालेले असले पाहिजे. आमच्या कारखान्यात एवढ्या तापमानाचे यंत्र दर वर्षी देखभालीसाठी बंद करावे लागते आणि त्या बंदच्या काळात पन्नासएक माणसे त्यावर चढलेली असतात. तिथे हात लावायला कोणीही नसेल.

वीज हा त्याचाच पुढचा भाग. एवढ्या संयंत्राला २५-३० किलोवॅट सहज लागतील. सौरपट्ट्यांवर धुळीचा भरवसा नाही: २०१८ च्या ग्रहव्यापी वादळात 'ऑपॉर्च्युनिटी' रोव्हर कायमचे गप्प झाले. म्हणून लहान अणुभट्टीचा विचार होतो. मार्च २०१८ मध्ये नेवाडात अशा छोट्या भट्टीची चाचणी यशस्वी झाली, पण अवकाशात ती अजून गेलेली नाही.

दर्यावर्दी

क्षारसंयुग, तुम्ही माझ्या मनातले लिहिलेत. माणसांनी पृथ्वीवरून निघावे की नाही, हा निर्णयच त्या टाक्या भरल्या की नाही यावर ठरेल. एक झडप अडकली तर पुढची संधी २६ महिन्यांनी.

दीर्घकाळ निद्रिस्त यंत्र पुन्हा जागे करण्याचा एक सुंदर दाखला आपल्याच मंगळयानाचा आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण झाल्यावर पृथ्वीची कक्षा सोडून मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होते. २२ सप्टेंबर २०१४ ला ते केवळ चार सेकंद चालवून पाहिले आणि २४ तारखेला साधारण २४ मिनिटे चालवून यान मंगळाच्या कक्षेत नेले. संदेश पोहोचायला तेव्हा १२ मिनिटांहून जास्त लागत होते, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानात भरल्या होत्या. ते इंजिन सामान्य तापमानाला टिकणाऱ्या इंधनावर चालत होते. द्रवरूप ऑक्सिजन आणि मिथेन नऊ महिने उडून न जाऊ देता सांभाळून हेच करायचे, ही पुढची पायरी आहे आणि ती आजवर कोणी चढलेले नाही.

हिमवास

दर्यावर्दी यांनी संदेशाच्या विलंबाचा उल्लेख केला, त्यावरून थोडे. मी अंटार्क्टिकावरील भारताच्या मैत्री स्थानकावर एक हिवाळा काढला आहे. निवडीआधी दिल्लीत वैद्यकीय आणि मानसिक तपासणी होते, मग औलीला बर्फातले प्रशिक्षण. हिवाळ्यात जहाज येत नाही, सूर्य काही आठवडे उगवत नाही, आणि जे सामान आहे त्यातच भागवायचे असते. मैत्रीजवळच्या रशियन नोव्होलाझारेव्स्काया स्थानकावर १९६१ मध्ये डॉ. लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःच्याच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली, कारण तिथे दुसरा डॉक्टर नव्हता. ती हकिगत तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पण आम्हाला घरी फोन लावता येत होता. मंगळावर एका बाजूचा संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि दर २६ महिन्यांनी सूर्य मध्ये आला की सुमारे दोन आठवडे संपर्कच भरवशाचा राहत नाही. आजचे स्थानक पृथ्वीवरील शेकडो तंत्रज्ञांच्या सल्ल्याने चालते. तो सल्ला पाऊण तासाने मिळणार असेल तर आग, हवेची गळती, विषारी वायू यांचे निदान आतल्या चौघांनीच केले पाहिजे. मॉस्कोत २०१० ते २०११ मध्ये सहा जणांनी ५२० दिवस बंदिस्त राहून आणि ह्यूस्टनला २०२३ ते २०२४ मध्ये चौघांनी ३७८ दिवस राहून याचा सराव केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोच्या पुढाकाराने तशी मोहीम सुरू झाली, त्यात आयआयटी मुंबईचाही सहभाग होता. माणसे टिकतात, हे या सरावांतून दिसते. परतीचे दार बंद आहे हे ठाऊक असताना ती कशी वागतील, हे मात्र कुठल्याही सरावात कळत नाही, कारण प्रत्येक सरावात दार असते.

सडेतोड

इतके वाचून एक सुचते. सुरुवातीला उतरूच नये. मंगळाच्या कक्षेत किंवा फोबोस या त्याच्या उपग्रहावर थांबावे आणि तिथून खालची रोव्हर विलंबाशिवाय चालवावीत. उतरणे, उडणे, इंधन तयार करणे, तिन्ही एका फटक्यात वगळता येतात.

किरणमापक

वगळता येतात, पण मग संपूर्ण मोहीम भाररहित अवस्थेत आणि ग्रहाच्या पूर्ण आडोशाविना जाते. मुक्काम लहान ठेवला तर प्रवासाची वाट अधिक इंधन मागते, आणि काही आराखड्यांत शुक्राजवळून वळसा घ्यावा लागतो, म्हणजे सूर्याच्या आणखी जवळ. कल्पना विचार करण्याजोगी आहे, पण ती अडचणींची केवळ अदलाबदल करते.

प्रज्वलन

शिवाय पृथ्वीवर परतणे दोन्हीकडे सारखेच. मंगळाहून थेट येणारी कुपी सेकंदाला १२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने शिरेल. २००६ मध्ये 'स्टारडस्ट'ची लहानशी कुपी १२.९ च्या वेगाने सुखरूप उतरली, पण माणसांच्या आकाराचे काहीही त्या वेगाने कधी आलेले नाही.

गगनवेध

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते. मूळ प्रश्नाकडे परत येतो आणि तो जरा नेमका करतो.

इथे आलेल्या बहुतेक अडचणींचा सराव घराजवळ करता येतो. पाण्याचे पुनर्चक्रीकरण स्थानकावर तपासता येते, अणुभट्टी चंद्रावर चालवून पाहता येते, किरणांपासूनचा आडोसाही चंद्राच्या परिसरात मोजता येतो, विलंबाचा सराव ह्यूस्टनला किंवा लडाखमध्येही होतो. यंत्रे टिकाऊ करणे हे दर्यावर्दी म्हणतात तसे अवघड आहे, पण पृथ्वीच्या कक्षेत तीन वर्षे एक यान कोणाचीही मदत न घेता चालवून दाखवता येईल. जड यान मंगळाच्या हवेत उतरवण्याचा पूर्ण सराव मात्र मंगळावरच होऊ शकतो. चंद्रावर हवा नाही आणि पृथ्वीवर ती फार दाट आहे. उंचीवरची विरळ हवा तुकड्या-तुकड्यांनी उपयोगी पडते, पण शिरकावापासून टेकण्यापर्यंतची अखंड साखळी तिथे मिळत नाही. आणि मंगळाची संधी २६ महिन्यांनी एकदाच येते. २०१६ मध्ये युरोपचे 'स्किआपारेल्ली' यान एका संवेदकाच्या चुकीच्या मोजणीमुळे आदळले. असे काही घडले की कारण शोधायला काही महिने आणि पुन्हा प्रयत्न करायला दोन वर्षे लागणार. माणसे बसवण्याआधी पाच यशस्वी उतरणी हव्यात असे ठरवले, तर एका संधीत एकच यान पाठवल्यास दहा वर्षे त्यातच जातात. म्हणून मी अजूनही उतरण्यालाच पहिली गाठ म्हणेन.

दर्यावर्दी

हा निकष मला पटला. पण त्याच निकषाने मंगळावरून उडणेही तिथेच येते, कारण भरलेली टाकी घेऊन महिनोन् महिने धुळीत उभ्या राहिलेल्या यानाचे उड्डाण दुसरीकडे कुठे तपासणार? म्हणून एका संधीत एकच यान पाठवू नये. एकाच वेळी तीन-चार पाठवावीत, निरनिराळ्या पद्धतीने उतरणारी. समुद्रावर नवे इंजिन आम्ही कधीही एकाच जहाजावर बघून संपूर्ण ताफ्यावर बसवत नाही.

रोहिणी_नक्षत्र

पुढच्या संधी कोणत्या? आणि त्यांत एकच चाचणी पाठवायची असेल तर तुम्ही काय पाठवाल?

गगनवेध

२०२६ ची अखेर, मग २०२८ ची अखेर ते २०२९ चा आरंभ, आणि त्यानंतर २०३१ चा आरंभ. मी पाच टनांचे, माणसांविना, फुगवलेल्या कवचावर शिरणारे आणि इंजिनांवर टेकणारे यान पाठवीन, आणि त्याच्या प्रत्येक भागावर संवेदक लावून तो सगळा तपशील जगाला खुला करीन.

क्षारसंयुग

त्या पाच टनांत मॉक्सीचे पन्नासपट मोठे भावंड आणि एक रिकामी टाकी बसवा. यान सुखरूप टेकले तर पुढच्या संधीपर्यंत ती टाकी किती भरली आणि भट्टी कितीदा बंद पडली, हे आपल्याला इथे बसून मोजता येईल.